नर-मादी आणि थरथरणारं स्टेअरिंग

सप्टेंबरचा पहिला आठवडा. रेल्वेने आलेले पुण्याचे काका-काकू, टुरिस्ट गाडी माझी. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत. सगळं मिळून साधारण १३० किलोमीटर. घाई नाही म्हणाले. वार मी सोमवार सुचवला होता. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तुळजापुरात पार्किंग शोधण्यातच तास जातो.

निघताना कोरडं ऊन होतं. तरी वायपरच्या रबरावरून बोट फिरवलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर वाळून चिरतं आणि पावसात नेमका डोळ्यांसमोरचा पट्टा पुसायचा राहतो.

तुळजापूरचा घाट छोटा, पण वर ढग उतरलेले. चढतानाच काच आतून धुरकटली. काका रुमाल घेऊन सरसावले, त्यांना थांबवलं. हाताने पुसली की तेलकट फराटे राहतात, समोरच्या गाडीचा दिवा त्यात पसरतो. एसी चालू, हवेचा झोत काचेवर आणि बाहेरची हवा आत येईल असं बटण. काच मिनिटभरात स्वच्छ.

दर्शन झालं. पायऱ्यांमुळे काकूंच्या गुडघ्यांनी तक्रार केली, एवढंच.

नळदुर्गच्या रस्त्यावर भुरभुर सुरू झाली. काकांना हिरव्या तुरीचा फोटो हवा होता, म्हणून डावी चाकं साईडपट्टीच्या खाली घेतली. चूक माझीच. गाडी रुतली नाही, आरामात निघाली. पण साठच्या पुढे गेल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं.

"टायर गेला का हो?" काकांनी विचारलं.

टायर बसला असता तर गाडी एका बाजूला ओढली असती. ही थरथर चाळीसला थांबत होती, साठला परत येत होती. म्हणजे चाकाचा बॅलन्स. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा मुठीएवढा गोळा बसला होता. तेवढं वजनही पुरतं.

कडक सपाट जागी थांबलो. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकाला दगड. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं की डाव्या चाकाची आतली बाजू मागून हाताला लागते. बाभळीच्या काटकीने माती उकरली, बाटलीभर पाणी मारलं. इथे स्क्रूड्रायव्हर नको. बॅलन्सिंगची शिशाची पट्टी निघाली तर थरथर कायमची. आणि हे ओलं असतानाच करायचं. वाळल्यावर ही माती दगड होते.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी भरून वाहत होती. ती खात्री सकाळीच तिथल्या चहावाल्याला फोन करून केली होती, कारण पाणी नसेल तर बांधावरून पडणारे नर आणि मादी हे दोन धबधबे दिसतच नाहीत, नुसता बांध दिसतो. पाणीमहाल त्या बांधाच्या पोटातच, आदिलशाहीतलं काम. ओल्या पायऱ्यांवरून काकू भिंतीला धरून उतरल्या. आत पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येईना.

परतताना सोलापूर जवळ आलं तसं पुन्हा ऊन. काकांनी पुढच्या खेपेला कुडल संगम, म्हणजे भीमा-सीनेचा संगम, दाखवाल का विचारलं.

"दाखवतो की. पाऊस थांबून चार दिवस होऊ द्या."