तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रकार कक्षातून खाली सभागृहात

"बातमीदारी सोडून नगरसेविका, वर परदेशी शिष्टमंडळांशी बोलणी. आधीपासून ठरवलं होतं का?" कुठंही गेले तरी हा प्रश्न येतोच. नाही हो, आरक्षण निघालं!

२०११ साली महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव झाल्या. २०१२ला पुणे महापालिकेच्या १५२ जागांपैकी ७६ बायकांच्या. पक्षांची उमेदवार शोधताना धावपळ उडाली. त्यात त्यांना मी सापडले: पंधरा वर्षं महापालिकेची बीट केलेली, म्हणजे तिथल्याच बातम्या दिलेली, आणि कुठल्याही भाऊंची वहिनी नसलेली.

अंदाजपत्रक, 'स' यादी (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची), ऐनवेळचे विषय, सगळं तोंडपाठ. त्या गुर्मीत पहिल्याच मुख्य सभेत पाण्याच्या टाकीवर ओळीनं पाच प्रश्न विचारले. मागच्या बाकावरचे एक जुने सभासद हळूच म्हणाले, "ताई, प्रश्न झाले. उपसूचना कुठंय? अनुमोदक कोण?" प्रस्तावात बदल सुचवणारी सूचना नव्हती, तिला पाठिंबा देणारा सभासदही नव्हता. विषय महिनाभर पुढे गेला. बातमी मात्र झकास झाली असती.

कुणी "नवी वाट पाडलीत" म्हणालं की मी न. चिं. केळकरांचं नाव घेते. 'केसरी'चे संपादक, पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष, १९१९ साली होमरूलच्या (स्वराज्याच्या मागणीच्या) शिष्टमंडळातून इंग्लंडला. या गावात ही वाट शंभर वर्षं वापरातली आहे.

बोलणी म्हणाल, तर औंधच्या ब्रेमेन चौकाला नाव देणाऱ्या शहराशी पुण्याचं जुनं सख्य. तिकडचेच एक जर्मन पाहुणे एकदा 'स्वच्छ'चं काम बघायला आले. कचरावेचक बायकांची ही सहकारी संस्था, २००८मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. पाहुण्यांनी विचारलं, "लोक घरी ओला-सुका वेगळा करतात?" माझ्या हातातल्या टाइप केलेल्या भाषणात उत्तर 'होय' होतं. सवयीनं खरं बोलून गेले, "माझ्याकडे गुरुवारपर्यंत करतात. मग पाहुणे येतात." शेजारच्या अधिकाऱ्यांनी टेबलाखालून पाय दाबला. पाहुणे मात्र खदखदून हसले आणि स्वतःच्या गल्लीतले डबे कसे तुंबतात ते सांगू लागले. तासाभराचं बोलणं अडीच तास चाललं. जाताना म्हणाले, आमचे विली ब्रांटही आधी बातमीदारच, मग बर्लिनचे महापौर, मग परराष्ट्रमंत्री.

मी फुगले होते. एवढ्यात तेच अधिकारी जवळ आले, "मॅडम, ते गुरुवारचं तेवढं छापू नका हं."