जुन्या बी४५० वर नवं कार्ड: पैसे कुठे घातले, कुठे वाचवले

माझं गेमिंगचं मशीन आज कसं आहे ते आधी सांगतो, म्हणजे ज्यांना नुसती यादी हवी ते इथूनच सुटतील. बी४५० चिपसेटचा जुनाच मदरबोर्ड, त्यावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८-८ ची जोडी), आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी ग्राफिक कार्ड, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेलचा) मॉनिटर. कॅबिनेटही जुनंच, फक्त समोरची काच काढून जाळी लावली. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत याच बोर्डावर रायझन ३ ३२००जी होता, वेगळं ग्राफिक कार्ड नव्हतं आणि रॅमची एकच पट्टी होती.

सगळं नवीनच का नाही घेतलं, हे कोणीतरी विचारणारच. एएम५ वर (एएमडीच्या प्रोसेसरच्या नव्या सॉकेटवर) जायचं तर रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम ही तीनही एकदम घ्यावी लागतात, कारण एएम५ वर डीडीआर४ चालतच नाही. उन्हाळ्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (कॉम्प्युटर बाजारात) या तिघांची बेरीज मांडली तर साधारण एका चांगल्या कार्डाएवढी होत होती. म्हणजे नवा पाया घालायचा आणि वर घर बांधायला पैसे नाहीत, असा प्रकार. १४४०पी वर खेळताना बहुतेक गेममध्ये ओझं कार्डावर पडतं, प्रोसेसरवर नाही. तेव्हा बोर्ड ठेवायचा आणि पुढची प्रत्येक खरेदी त्या बोर्डाला विचारून करायची, असं ठरवलं.

पहिला टप्पा: रॅमची दुसरी पट्टी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जाणवलेला बदल हाच. ३२००जी मधल्या इनबिल्ट वेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. एका पट्टीवर डीडीआर४ ३२०० चा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन पट्ट्यांवर ५१.२. त्यामुळे व्हॅलोरंट गेममध्ये धूर टाकला की जो अडखळायचा तो प्रकार थांबला. ज्यांच्याकडे अजून इनबिल्ट ग्राफिक्सवरच काम चालू आहे त्यांनी कार्डाचं स्वप्न बघण्याआधी कॅबिनेट उघडून पट्ट्या मोजा. पट्ट्या दोन असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का तेही बघा. कित्येक दुकानांतून मशीन जोडून येतं ते शेजारशेजारच्या खाचांत पट्ट्या घालून, आणि चार खाचांच्या बोर्डावर तसं केलं की दोन चॅनल (म्हणजे वरचा दुप्पट वेग) मिळतच नाहीत.

दुसरा टप्पा: बायोस आणि प्रोसेसर

बी४५० वर रायझन ५००० मालिका चालवायला नवं बायोस (बोर्ड चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) लागतं. ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच टाकून घ्यायचं, कारण ५६०० बसवल्यावर जुन्या बायोसला तो ओळखूच येणार नाही. ज्यांच्या बोर्डावर पाठीमागे बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवायही बायोस टाकू देणारं) बटण आहे त्यांना ही काळजी नाही. आमच्याकडे डोंबिवलीत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हे काम यूपीएसवरच केलं.

प्रोसेसर घेताना दुकानदाराने खूप आग्रह केला तो ५६००जी चा. "दादा, तेच आहे, वर ग्राफिक फुकट." तेच नाहीये. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी आणि ५५०० मध्ये १६. गेमिंगला कॅशचा फरक पडतो, आणि सीएस२ सारख्या गेममध्ये तो सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमपेक्षा) मधल्या झटक्यांत जास्त दिसतो. वेगळं कार्ड घेणारच असाल तर फुकटच्या ग्राफिकचा उपयोग एवढाच की कार्ड वॉरंटीत गेल्यावर मशीन बंद पडत नाही. त्यासाठी निम्मी कॅश सोडायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नाही सोडली.

एक्स३डी (जादा कॅशच्या) प्रोसेसरबद्दलही विचारणा होते. ९६ एमबी कॅशचा ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा एएम४ वाल्यांसाठी (जुन्या सॉकेटवाल्यांसाठी) तो सोन्यासारखा सौदा होता, पण मी घ्यायला गेलो तोवर मिळेनासा झाला होता, आणि जिथे होता तिथे भाव बघून हात मागे घेतला. जून २०२५ मध्ये एएमडीने ५५००एक्स३डी काढला तोही फक्त लॅटिन अमेरिकेसाठी. आपण बघत बसायचं.

तिसरा टप्पा: कार्ड, आणि खरा हिशोब

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो गेला ते बरंच झालं.

यादीत होते: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० (८ जीबी, मूळ किंमत २९९ डॉलर), आरटीएक्स ५०६० टीआय (८ जीबी ३७९, १६ जीबी ४२९), एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी (८ जीबी २९९, १६ जीबी ३४९) आणि इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी, २४९). आपल्याकडचे भाव यापेक्षा चढेच असतात, पण एकमेकांतलं अंतर साधारण असंच राहतं, म्हणून तुलनेला डॉलरच बरे.

रिव्ह्यूंमध्ये ही कार्डं ज्या बोर्डावर तपासतात तो असतो ताजा, पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडणारी वाट) ४.० किंवा ५.० चा. माझा बोर्ड ३.० चा. एनव्हिडियाच्या या तिन्ही कार्डांना जोडणीच्या आठच लेन (डेटाच्या मार्गिका) आहेत. नव्या बोर्डावर आठ लेन पुरतात. ३.० वर मात्र आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात, सोळा लेनमधून पावणेसोळा. एरवी हे जाणवतही नाही. जाणवतं ते कार्डाची स्वतःची मेमरी भरल्यावर. तेव्हा उरलेलं टेक्स्चर रॅममधून याच वाटेने ये-जा करायला लागतं, आणि वाट निम्मी असली की खेळ अडकतो. ८ जीबी मेमरी, आठ लेन आणि ३.० चा बोर्ड, हे तिन्ही एकत्र आले की जुन्या मशीनवर नवं कार्ड घेणाऱ्याचे पैसे वाया. गंमत म्हणजे स्वस्तातलं ८ जीबीचं कार्ड जुन्या बोर्डवालाच घेतो.

९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत. यादीत हे एकच तसं. ५६०० सुद्धा कार्डाला सोळा लेन देतो. ३२००जी आठच द्यायचा, म्हणून प्रोसेसर आधी आणि कार्ड नंतर हा क्रम ठेवला होता. बी५८० भावाने मोहात पाडत होतं, पण त्यालाही आठच लेन, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असल्याशिवाय ते नीट पळत नाही, आणि जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांत ५६०० सारख्या प्रोसेसरवर त्याचा वेग चांगलाच घसरलेला दिसला होता. नव्या प्रोसेसरवाल्याने ते जरूर बघावं. ५०६० टीआय १६ जीबी माझ्या बोर्डावर चाललं असतं, मेमरी भरपूर असल्यामुळे लेनचा त्रास कमी झाला असता, पण वरचे ८० डॉलर मला डीएलएसएससाठी (एनव्हिडियाच्या एआयने चित्र मोठं करणाऱ्या तंत्रासाठी) द्यायचे नव्हते. ब्लेंडर (३डी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा एआयचं काम करत असाल तर मात्र तेच घ्या. तिथे एनव्हिडियाशिवाय हाल होतात.

खोक्यावर एक गोष्ट डोळे फाडून वाचा. ९०६० एक्सटी आणि ५०६० टीआय या दोन्ही नावांखाली ८ आणि १६ जीबीची वेगवेगळी कार्डं विकली जातात. "फक्त मेमरीचा फरक आहे" असं काउंटरवर ऐकू येईल. खरं आहे, आणि त्या फरकासाठीच तर आपण आलोय.

वापरलेल्या कार्डांचा बाजारही धुंडाळला. आरएक्स ६६०० बऱ्या भावात होतं, पण एफएसआर ४ (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करणारं एएमडीचं तंत्र) तेव्हा अधिकृतपणे फक्त ९००० मालिकेवर होतं आणि १४४०पी वर मला ते हवं होतं. शिवाय ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी एएमडीने आरएक्स ५००० आणि ६००० मालिकांचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, त्यावर गदारोळ झाला आणि कंपनीला खुलासे द्यावे लागले. ज्यांचं बजेट दहा-बारा हजारांचंच आहे त्यांना अजूनही वापरलेलं ६६०० सांगेन. फक्त 'आरएक्स ५८०' च्या नावाखाली जे २०४८एसपी कार्ड फिरतंय ते ओळखायला शिका: मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग), यात २०४८, म्हणजे ते ५७० च. विकणाऱ्याच्या घरी जाऊन जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा. नाही म्हणाला तर चहा घेऊन परत या.

बिल, कॉम्बो आणि जीएसटी

सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलणार म्हटल्यावर ओळखीतल्या दोघा-तिघांनी कार्डाची खरेदी थांबवली. थांबून काही मिळणार नव्हतं, कारण कॉम्प्युटरचे भाग आधीपासूनच १८ टक्क्यांत होते आणि तिथेच राहिले. २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ वर आले ते ३२ इंचांवरचे टीव्ही आणि मॉनिटर.

बिनबिलाचा भाव लॅमिंग्टन रोडवर तोंडावर सांगतात आणि तो ऐकून जीव खालीवर होतो. कार्डावर तीन वर्षांची वॉरंटी असते आणि सर्व्हिस सेंटर पहिली गोष्ट मागतं ती बिल. वाचलेले पैसे भागायचे वॉरंटीची वर्षं, असा हिशोब करून बघा. मला तो परवडला नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला आणि खोक्याशी ताडून बघितला. कॉम्बोच्या बाबतीतही तेच: "कार्डासोबत हा एसएमपीएस घ्या, दोन्हीत कमी करतो" म्हटलं की तो एसएमपीएस कित्येक महिने त्या फळीवर पडून आहे असं समजावं.

एसएमपीएस आणि यूपीएस

कार्डाची मर्यादा १६० वॉट, ५६०० ची ७६, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून सगळं तीनशेच्या आत. ५५० वॉट पुरून उरतो. ७५० चा सोनेरी शिक्क्याचा घेऊन ठेवावा असं सगळे सांगतात, पण तो शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. मी पाच वर्षं वॉरंटीचा ब्रॉन्झ घेतला आणि उरलेले पैसे मॉनिटरकडे वळवले.

यूपीएसचं मात्र बघून घ्या. आजच्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्तातल्या यूपीएसची लहर खरी साइन नसते. वीज गेल्यावर अशा जोडीत मशीन कधीकधी चालू राहतं, कधीकधी फट्कन बंद पडतं. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना मॉनिटरही त्यावरच असेल तर काठावरचा खेळ. गेम सेव्ह करून बंद करण्यापुरतं ठीक.

मॉनिटर आणि खेळून काय दिसलं

१०८०पी वरून १४४०पी म्हणजे सुमारे ७८ टक्के जास्त पिक्सेल. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंगशिवाय हाय सेटिंगवर ऐंशी एफपीएसच्या आसपास, एफएसआर ४ क्वालिटीवर शंभरच्या पुढे. सीएस२ मध्ये आकडा मोठा येतो पण तिथे आता प्रोसेसर आधी थकतो, हे अपेक्षितच होतं. एल्डन रिंग ६० एफपीएसलाच बांधलेला आहे. त्यासाठी १८० हर्ट्झचा मॉनिटर घेणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावं.

थंडीतली रॅम

उन्हाळ्यात घेतलेल्या पट्टीचा भाव डिसेंबरात सहज विचारला तर दुपटीहून जास्त सांगितला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून चिप बनवणाऱ्यांचं आपल्यासारख्या गिऱ्हाइकांकडे लक्ष उरलेलं नाही, आणि जुनी डीडीआर४ तर त्यांना आवरतीच घ्यायची आहे. ३ डिसेंबर २०२५ ला मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५ चा विचार पुढे ढकलायला एवढं पुरे. ३२ जीबी करायचं मनात होतं, तेही थांबवलं. सध्या गेम चालू करताना ब्राउझर बंद करतो, तेवढ्यात भागतं. ज्यांच्याकडे जुन्या मशीनमधली डीडीआर४ पडून आहे त्यांनी ती भंगारात घालू नका.

पुढे

३२००जी विकायला काढलाय. त्याला चांगली मागणी आहे, कारण ऑफिसच्या मशीनला कार्ड न लावता तो चालतो. आलेल्या पैशांतून मागचा आणि वरचा पंखा बदलायचा. कार्ड सध्या थोडं अंडरव्होल्ट करून (कमी व्होल्टेजवर) चालवतोय, थंडीत ते साठ अंशांच्या घरात राहतं, पण डोंबिवलीच्या मे महिन्यात दमट हवेत त्याचं काय होतं ते बघायचंय. बी४५० वर ९०६० एक्सटी चालवणारं इथे आणखी कोणी असेल तर आपल्या पंख्यांचे आकडे आणि खोलीचं तापमान टाका. माझे मे संपता संपता टाकतो.