राशिमणी हाजोंग
आज सुट्टी होती म्हणून बंगालच्या टंक आंदोलनावर वाचत बसले आणि त्यात लढलेल्या राशिमणी हाजोंगपाशी (हाजोंग ही तिथली आदिवासी जमात) जी अडकले ती अजून तिथेच आहे. टंक म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेलं धान जमीनदाराच्या घरात घालायचंच. ३१ जानेवारी १९४६ ला सुसंग दुर्गापूरजवळच्या (आता बांगलादेशात) बहेरतली गावात शिपाई आले, आंदोलनातला लंकेश्वर हाजोंग सापडला नाही म्हणून त्याच्या बायकोला, कोवळ्या वयाच्या कुमुदिनीलाच ओढून न्यायला लागले, तर राशिमणी हातात दाव (आपल्या कोयत्यासारखाच) घेऊन बायकांसकट बंदुकांवर धावून गेली!! गोळी लागून ती गेली पण पोरगी सुटली. आणि त्याच्या चारेक महिने आधीच इकडे आपल्या ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) तलवाड्याला वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर गोळ्या झाडल्या होत्या, शाळेत यातलं अक्षर कुणी सांगितलं नाही, खरंच राग येतो. कुमुदिनीआजी २०२४ पर्यंत होत्या.