जर्मन की स्टील?

अमेरिकेत नोव्हेंबर लागला की दुकानांत टर्की तळायचे संच येतात. खाली गॅसची दणकट शेगडी, वर ३० क्वार्टचं, म्हणजे साधारण २८ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. टर्कीशी मला कर्तव्य नाही, पण घरी बिअर करणाऱ्या सगळ्यांचाच या पातेल्यावर डोळा असतो. नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, १९ लिटरच्या आसपास. उकळताना फेस असा उसळतो की भांडं दीडपट तरी हवंच.

आईला व्हिडिओ कॉलवर पातेलं दाखवलं. (आत काय उकळणार, ते सांगितलं नाही.) "जर्मनचं? अरे, त्यात चिंचेची आमटीसुद्धा करू नये!"

आमटीपुरतं तिचं बरोबर आहे. पण बिअरसाठी उकळतात तो माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा काढा; त्याचा पीएच ५.२ ते ५.५च्या घरात, चिंचेचा कोळ त्याहून कितीतरी आंबट. शिवाय नवं पातेलं आधी नुसतं पाणी भरून अर्धा-पाऊण तास उकळायचं असतं. आतून ते करडं, मळकट दिसायला लागतं. हा ऑक्साइडचा थर म्हणजे फुकटची कल्हई, फक्त दिसायला उलटी. अडचण अशी, की आमच्याकडे करडं भांडं दिसलं की कुणीतरी तारेची घासणी घेऊन धावतंच. आल्झायमरची भीतीही कुणी ना कुणी घालतं. १९६०-७०च्या दशकांतला तो संशय पुढच्या संशोधनात काही सिद्ध झाला नाही.

स्टीलचा थाट वेगळा. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ओरखडा पडला तरी संरक्षक थर आपला आपण पुन्हा धरतो. अ‍ॅल्युमिनियमला खाणारे कडक अल्कलीचे क्लीनर इथे बिनधास्त चालतात. ब्लीच मात्र नको, त्याने बारीक खड्डे पडतात. पण स्टीलला उष्णता पसरवणं जमत नाही. अ‍ॅल्युमिनियम त्यात दहापटीहून सरस. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये माल्टचं सिरप ओतून ढवळायला जरा उशीर केला, की ज्वाळेच्या वरच करपलंच. म्हणून महागड्या स्टीलच्या भांड्यांच्या बुडात कशाचा थर घालतात? अ‍ॅल्युमिनियमचा! वरून कितीही मिरवा, पोटात जर्मनच.

बिअरच्या चवीला या दोन्हींत फरक पडतो, असं मला तरी वाटत नाही. फरक पडतो तो धुणाऱ्याला. एकदा क्लीनरमध्ये भिजत टाकून झोपायला जाणाऱ्याने स्टीलच घ्यावं. इंडक्शनवाल्यानेही तेच, पण बुडाला चुंबक चिकटतो ना हे बघून. नुसतं अ‍ॅल्युमिनियम त्यावर तापतच नाही.

माझी शेगडी गॅसची आणि घासणारा मीच, म्हणून जर्मन घेतलं. वाचलेल्या पैशांत तांब्याच्या नळीची गुंडाळी आणली. ती गरम काढ्यात बुडवून आतून गार पाणी सोडलं की काढा भराभर निवतो आणि यीस्ट घालता येतं. तिच्यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. तांबं आहे ना!