तुम्ही विचारलंत म्हणून : साईवाले आमच्या गावात कधी येणार?

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलगी शंभर मीटरमध्ये पहिली आली, मुलगा तालुका पातळीवर चमकला, की बक्षीस समारंभानंतर आईवडील मला बाजूला घेतात. "सर, हिला साईत घालायचं आहे. ते लोक इकडे कधी येतात?" काही जण चिडून विचारतात, "दिल्लीत खेळांवर एवढा पैसा खर्च होतो, मग आमच्या मैदानाला साधं कुंपण का नाही?" एकेकाला उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

साई म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरण. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्यासाठी मोठमोठी स्टेडियमं उभी राहिली आणि खेळ संपल्यावर ती सांभाळायची कोणी हा प्रश्न आला. १९८४ मध्ये साई स्थापन झालं ते मुख्यतः याच कामासाठी. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९८७ मध्ये तिच्यात सामील झाली आणि खेळाडू व प्रशिक्षक घडवण्याची जबाबदारीही साईकडे आली. ही पतियाळाची संस्था १९६१ ची, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षाची.

कुंपणाचं म्हणाल तर ते साईचं काम नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्यसूचीत आहे. शाळेतला पीटीचा तास, तालुक्याच्या स्पर्धा, फर्मागुडीचा किंवा पेडेचा इनडोअर हॉल हे सगळं राज्याकडे, म्हणजे आपल्या क्रीडा संचालनालयाकडे आणि गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे येतं. साई वेगळी, गोव्याचं प्राधिकरण वेगळं. अर्ज चुकीच्या दारात देऊन वर्ष वाया घालवलेले पालक मी पाहिले आहेत.

देशाचा संघ निवडणं हेही साईच्या हातात नाही, तो त्या त्या खेळाच्या महासंघाचा अधिकार. सरकार पैसा देतं, शिबिरं भरवतं, मान्यता देतं, पण कारभारात बाहेरच्यांनी हात घातला तर काय होतं ते आपण मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या दारात पाहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, कारण कारभार न्यायालयाने नेमलेल्या समितीकडे गेला होता. ऑक्टोबरमध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होता आणि त्यातले काही सामने फातोर्ड्याला ठरलेले. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं आणि सामने झाले, पण तोवर माझ्या शाळेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुली रोज विचारत होत्या, "सर, होणार ना?"

मग साई करते काय? एकदा मूल हाताशी आलं की जे एका शाळेला, एका क्लबला, एका बापाला परवडत नाही, ते ती देते. साधारण बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी तिची निवासी केंद्रं आहेत. राहणं, खाणं, प्रशिक्षक, फिजिओ, स्पर्धेचा प्रवास, सगळं तिथे होतं. हॉकीच्या राष्ट्रीय संघांची शिबिरं बंगळूरच्या साईत भरतात. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेत निवडलेल्या मुलाला दरमहा १० हजार रुपये हातखर्चाला मिळतात. ऑलिंपिकच्या दारात पोचलेल्यांसाठी २०१४ पासून टॉप्स योजना आहे, तिच्या मुख्य गटाला दरमहा ५० हजार आणि पुढच्या ऑलिंपिकसाठी तयार होणाऱ्यांना २५ हजार. मजुरी करणाऱ्या घरातल्या धावपटूसाठी ही रक्कम म्हणजे बूट, दूध आणि अंडी. तिची किंमत मी कधीच कमी लेखणार नाही.

फुटबॉलमध्ये आपल्याला ही निकड फारशी जाणवली नाही, कारण आपल्याकडे क्लब होते. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार झाले. ते घडले साई जन्माला येण्याआधीच्या गोव्यात, क्लबच्या फुटबॉलमधून. धेंपो, साळगावकर ही नावं घराघरात होती. पण २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघेही आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले, आणि पोटापाण्याची सोय बघत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची एक वाट अरुंद झाली. धावणं, कुस्ती, भारोत्तोलन या खेळांना तर इथे असा आधार कधी नव्हताच. या मुलांना साईवाचून दुसरा मार्ग नाही, म्हणून मी पालकांना साईचा नाद सोडा असं कधीच सांगत नाही.

साई गावात येत नाही, हेही पूर्ण खरं नाही. खेलो इंडियाच्या चाचण्या आम्ही शाळेतच घेतो. पहिली-दुसरीच्या मुलांची एक चाचणी अशी. टेबलावर दोन गोल तबकड्या, मधे एक आयत. एक हात आयतावर टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने या तबकडीवरून त्या तबकडीवर टकाटक मारत जायचं. अशा पंचवीस फेऱ्या होईपर्यंत मी घड्याळ लावतो. मुलं जीभ बाहेर काढून मारत सुटतात, मधेच टेकवलेला हात उचलला जातो आणि पुन्हा सुरुवात. दुसरी चाचणी अरुंद फळीवर एका पायावर उभं राहून तोल सांभाळायची. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी त्या अरुंद फळीवर मिनिटभर हललीसुद्धा नाही. मी तो आकडा मोबाइलवर भरला. पण त्या मुलीला उद्यापासून शिकवणार कोण? आमच्या तालुक्यात जिम्नॅस्टिक्स शिकवणारा माणूस मला सापडला नाही.

माझं म्हणणं आहे ते इथे. २०२३ मध्ये आपण ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या. चाळीसहून अधिक खेळ गोव्यात आले, ट्रॅक सायकलिंग आणि गोल्फ तेवढे दिल्लीला न्यावे लागले. मैदानं सुधारली, हॉल झाले, याचा मला अभिमान आहे. इमारतींच्या बाबतीत एवढ्याशा राज्याची तक्रार आता फार नसावी. कमी आहेत ती माणसं. प्रशिक्षक होण्यासाठी पतियाळाच्या संस्थेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकाला सहा आठवडे जमतात, विशेषतः मे महिन्यात. प्रत्येक तालुक्यातून दरवर्षी दोन-तीन शिक्षक राज्याने पगारी रजेवर तिकडे धाडले आणि साईने त्यांच्यासाठी जागा राखल्या, तर पाच वर्षांत चित्र पालटेल. राष्ट्रीय संस्थेने एका राज्यासाठी करावं असं यापेक्षा मोठं काम मला दिसत नाही. पदकाचा फोटो ऑलिंपिकनंतर निघतो, पण पायाची ठेवण आठव्या-नवव्या वर्षी कोणीतरी सुधारावी लागते आणि तो कोणीतरी गावातच असावा लागतो.

तेव्हा पालकांनो, आठ वर्षांच्या मुलाला साईत घालायची घाई नको. त्याला पळू द्या, पोहू द्या, दोन-तीन खेळ खेळू द्या. बारा-तेराव्या वर्षी ट्रायलची जाहिरात आली की माझ्याकडे या, अर्ज आपण मिळून भरू. केंद्रात पाठवायच्या आधी हॉस्टेल स्वतः बघा, तिथल्या मुलांशी बोला, शाळा किती बुडते ते विचारा. जन्मदाखल्यावर वय दोन वर्षांनी कमी करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे मुलाला पुन्हा पाठवू नका. मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, आणि त्यात सापडलं की शिक्षा मूल भोगतं.

कुंपणाचा विषय पुढच्या ग्रामसभेत लेखी द्या. मीही येतो सोबत.