एकच गर्भ सोडला, तरी जुळी

आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला) बसताना गर्भाशयात एकच गर्भ सोडायचा हे डॉक्टरांशी आधीच ठरलं होतं. दोन सोडले की जुळ्यांची शक्यता वाढते, आणि जुळी म्हणजे बऱ्याचदा दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण, कमी वजन आणि काचेची पेटी. तरी जुळीच राहिली. हे कसं होतं आणि पुढे काय सांभाळावं लागतं, ते तासगावहून सांगली-मिरजेला ये-जा करणाऱ्या बायकांच्या कामी यावं म्हणून लिहिते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एफएसएचची, म्हणजे बीज वाढवणाऱ्या संप्रेरकाची, इंजेक्शनं सुरू होतात. रोज साधारण 150 ते 300 युनिट, आठ ते बारा दिवस. एरवी महिन्याला एकच फॉलिकल (बीज वाढतं ती पाण्याची पुटकुळी) पुढे जातं आणि बाकीची सुकून जातात. या इंजेक्शनामुळे तीही वाढतात. औषध 2 ते 8 अंशांत राहायला हवं. एसटीतून नेताना बर्फाची पिशवी त्याला थेट चिकटू देऊ नका, कागदात गुंडाळा, कारण गोठलेलं इंजेक्शन बाद. घरीही फ्रीझरला लागून ठेवू नका.

फॉलिकल 17-18 मिलिमीटरची झाली की ट्रिगर, म्हणजे बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. इथे खरा खेळ घड्याळाचा. रात्री दहाला घेतलं तर बीज काढायचं परवा सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, म्हणजे 34 ते 36 तासांनी. घाई केली तर बीज कच्चं निघतं. उशीर झाला तर फॉलिकल आधीच फुटतं, बीज पोटात निघून जातं आणि सुईत नुसतं पाणी येतं. गावातला कंपाउंडर ‘सकाळी टोचलं तरी चालतंय की’ म्हणाला, तर ऐकू नका.

एरवी बीज आणि शुक्रजंतूची गाठ गर्भनलिकेच्या बाहेरच्या रुंद भागात पडते. बीज टिकतं जेमतेम 12 ते 24 तास, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज सुटायच्या आधीचे दिवस महत्त्वाचे. कोट्यवधी शुक्रजंतू निघतात, बीजापाशी पोचतात काहीशेच. बीजाभोवती जाड पारदर्शक कवच असतं. शुक्रजंतूच्या डोक्यावरच्या टोपीतली द्रव्यं ते भेदायला मदत करतात. एक आत शिरला की बीजात कॅल्शियमची लाट उठते, कडेच्या बारीक पिशव्या फुटतात आणि कवच बदलून बाकीच्यांना वाट बंद होते. ही बंदी फसून दोन शिरले तर गुणसूत्रांचे तीन संच होतात, आणि तो गर्भ धड वाढत नाही.

लॅबमध्ये बीज आणि शुक्रजंतू एकत्र आणल्यावर हेच 16 ते 18 तासांनी तपासतात. पडद्यावर एक गोल दिसतो, त्याच्या मधोमध एकमेकांना टेकलेली दोन फिकट वर्तुळं: एक आईचं, एक बापाचं. वर्तुळं तीन दिसली तर तो गर्भ सोडत नाहीत. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी होतात, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आतून पोकळ गोळा. त्यात बाहेरच्या थराची पुढे वार होते आणि आतल्या एका कडेच्या पुंजक्याचं बाळ.

जुळ्यांचं सगळं गणित या पाचव्या दिवसाभोवती फिरतं. फलित बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोन वारी आणि बाळांभोवती पाण्याच्या दोन पिशव्या. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर बाहेरचा थर तयार झालेला असतो, म्हणून वार एकच, पिशव्या दोन. आमचं हेच. आठवा दिवस उलटून गेल्यावर वारही एक आणि पिशवीही एक; तेराव्यानंतर शरीरं चिकटलेली राहू शकतात. अशी एका बीजाची जुळी जगभर साधारण हजार बाळंतपणांत तीन-चार होतात.

“तुमच्या माहेरी कुणाला जुळी हायत का गं? का जोडकेळं खाल्लंस?” आत्याबाईंनी विचारलंच. केळ्याचा काही संबंध नाही. माहेरचा आहे, पण दोन बीजांच्या जुळ्यांशी: एका महिन्यात दोन बीजं सुटण्याची प्रवृत्ती आईच्या घराण्यातून येते. वय पस्तिशीपुढे गेलं किंवा बीज वाढवायच्या गोळ्या चालू असल्या तरी तसं होतं. बीज दुभंगण्याचं कारण मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

सोनोग्राफीला जाताना गर्भ सोडल्याची तारीख बरोबर न्या. पाच दिवसांचा गर्भ सोडला त्या दिवशी तुम्ही 2 आठवडे 5 दिवसांच्या धरल्या जाता. अपेक्षित तारीख तिथून 261 दिवसांनी. पाळीवरून मोजलं तर हिशेब चुकू शकतो.

जुळी दिसली की सगळे विचारतात, सारखी दिसणार का? त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, वार एक की दोन. हे 11 ते 14 आठवड्यांत नीट कळतं. दोन वारी एकमेकींना चिकटल्या असल्या तर मधला पडदा वारेपाशी जाड त्रिकोणासारखा रुंदावतो. वार एक असली की पातळ पडदा सरळ येऊन टेकतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. नंतर ही खूण पुसट होते, म्हणून तेव्हाच रिपोर्टवर लिहून घ्या. बाळांच्या लिंगावरून वारेचा अंदाज बांधायचा प्रश्नच नाही. सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो आणि लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे.

वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. कारण एकाच वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात आणि दहा-पंधरा टक्के वेळा एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. एकाच्या पिशवीतलं पाणी 2 सेंटिमीटरच्या खाली आणि दुसऱ्याचं 8 च्या वर (विसाव्या आठवड्यानंतर 10) असं दिसलं की थांबायचं नाही. गर्भाशयात दुर्बीण घालून लेझरने त्या वाहिन्या बंद करतात, आणि हे प्रत्येक शहरात होत नाही. पोट अचानक ताणलं, दम लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दोन वारी असतील तर बाळंतपण साधारण 37-38 आठवड्यांना, एक वार आणि दोन पिशव्या असतील तर 36-37 ला ठरवतात. दवाखाना निवडताना नवजात कक्षात एकाच वेळी दोन पेट्या मिळतील का, ते आधी विचारून ठेवा. एक बाळ सांगलीत आणि दुसरं मिरजेत, अशी पाळी येऊ देऊ नका.