तुम्ही विचारलंत म्हणून: हॉलमधला तो वाघ

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा पाणी पिता पिता समोरच्या भिंतीवरच्या कोरियन चित्राकडे बघतो आणि विचारतो, "हा वाघ आहे की मांजर? कुठल्या दिशेला लावायचं असतं हे?"

दिशेला नाही, दाराला! कोरियात जोसन राजवटीत (१३९२-१९१०) नवं वर्ष लागलं की वाघाचं चित्र दारावर चिकटवायचे. वाघाने इडापिडा बाहेरच अडवायची आणि वर पाइनच्या फांदीवर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याने चांगली बातमी आणायची, अशी वाटणी. सकाळी मॅगपाय ओरडला की कुणीतरी येणार, असं तिकडे मानतात. आपल्याकडे हे खातं कावळ्याकडे असतं, आणि मॅगपाय कावळ्याच्याच कुळातला.

पण लोकांना खटकतो तो वाघ. सोलला राहत असताना इन्साडोंगमध्ये घेतलेली ही प्रत. पुढचे पाय जुळवून बसलाय, शेपटी मागून ताठ वर. डोळे बशीएवढे, पिवळे. एक बुबुळ पक्ष्याकडे, दुसरं भलतीकडेच. काही चित्रांत तर अंगावर पट्टे आणि बिबट्याचे ठिपके दोन्ही असतात. या लोकचित्रांना मिन्ह्वा म्हणतात. काढणारे बहुतेक अनाम, सही नाहीच.

काढता येत नव्हतं म्हणून असा काढला, असं म्हणू नका. त्याच देशात अठराव्या शतकातल्या किम होंग-दो या चित्रकाराच्या नावावर असलेला वाघ आहे. त्याचा केस न् केस वेगळा दिसतो आणि बघताना आपणच जरा मागे सरकतो. तसला वाघ रोज येता-जाता कोण सोसणार?

वाघ म्हणजे रुबाब करणारा यांगबान, म्हणजे उच्चकुलीन जमीनदार, आणि मॅगपाय म्हणजे त्याची फिरकी घेणारी रयत, असाही अर्थ सांगतात. पटतो, पण पुरता नाही. डोंगरातून खरा वाघ गावात उतरायचा, माणसं न्यायचा. त्याच कोरियाच्या देवळांत डोंगरदेवाच्या शेजारी वाघ बसलेला असतो. आपल्याकडे वारल्यांनी वाघोबा मांडला तो काय वाघाची भीती नव्हती म्हणून? ज्याची धास्ती त्यालाच राखणीला बसवायचं, तर तो चारचौघांत बसण्याजोगा करून घ्यायला हवा. १९८८च्या सोल ऑलिंपिकचा शुभंकर, हसरा वाघ होदोरी, मला याच घराण्यातला वाटतो.

"मग तुम्ही दारावर का नाही लावलंत?" हा पुढचा प्रश्न. आमच्या दारावर गणपती आहे, तोरण आहे, कुरिअरवाल्यासाठी चिकटवलेली चिठ्ठी आहे आणि पोलिओवाल्यांनी खडूने लिहिलेले आकडे आहेत. वाघाला जागाच उरली नाही.